माझ्या फुल टँग चाकूची टँग ४ मिमीची आहे. मुठीसाठी स्केल किती जाडीचे घ्यावेत, ६ मिमी की ९ मिमी?

तुमची टँग, म्हणजे पात्याचा मुठीत शेवटपर्यंत जाणारा भाग, ४ मिमीची आहे म्हणता, मग ९ घ्या. स्केल म्हणजे टँगच्या दोन्ही अंगांना बसणाऱ्या मुठीच्या पट्ट्या. ६ चे दोन लावले तर सगळं मिळून १६ होतं, तेही घासण्याआधी. कानस आणि पेपर फिरवून १४-१५ वर याल. त्याला मी मूठ म्हणत नाही.

प्रश्न दिसला आणि राहवलं नाही, कारण यावरून माझं एका माणसाशी कायमचं वाजलंय. ज्यांच्याकडे मी हे काम शिकलो, त्यांचा पात्यावरचा हात मी आजही मानतो. पण मुठीबाबत त्यांचा एकच हेका: पातळ तेवढी सफाईदार. माझी मूठ पाहून चारचौघांत म्हणाले, "कुऱ्हाडीचा दांडा लावलास की काय?"

पुढे त्यांनीच बनवलेला एक चाकू धार लावायला परत आला. गिऱ्हाईक लाकूड कोरणारं. मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळलेली, आत शिसवीचे देखणे स्केल झाकलेले. मी व्हर्निअर लावला: ट्यूबसकट २१ च्या आसपास, ट्यूब काढल्यावर १४. म्हणजे त्या गिऱ्हाइकानं काहीही न मोजता, केवळ हात दुखतो म्हणून, मी सांगत होतो तोच आकडा गाठला होता. मी दोन्ही मापं त्यांच्यासमोर घेऊन दाखवली. उत्तर काय, तर "त्याला चाकू धरता येत नाही." बरं.

पातळ मूठ आवळून धरावी लागते. बोटं पुरती मिटतात तरी पकड सैलच वाटते, आणि सगळा दाब त्या अरुंद पाठीवरून तळव्यात उतरतो. पाच मिनिटं कळत नाही, तासाभराच्या कामात कळतं.

आता ९ मिमी घेतले म्हणून सगळीकडे जाड ठेवू नका. पोटाशी, म्हणजे मधल्या फुगीर भागाशी, २०-२२, तर्जनीपाशी १५-१६, शेवटाला पुन्हा थोडी रुंद. छेद लंबगोल हवा. गोल मूठ हातात फिरते आणि धार कुठे आहे ते न बघता समजत नाही. हा चढउतार काढायलाच ती जास्तीची जाडी लागते. कॉर्बी बोल्ट (दोन्ही बाजूंनी स्क्रूसारखे आवळून स्केल टँगला धरणारे) वापरणार असाल तर आणखी एक कारण: त्यांचं डोकं स्केलमध्ये खोल बसावं लागतं. पातळ स्केलमध्ये घासता घासता डोकंच निघून जातं. आणि स्केलची पुढची टोकं चिकटवण्याआधीच पॉलिश करा, नंतर पात्यावर ओरखडे येतात.

६ चे आधीच आणले असतील तर फेकू नका. दोन्ही बाजूंना टँग आणि स्केलच्या मध्ये दीड मिमीचा लायनर, म्हणजे पातळ पट्टी, घाला, १९ पर्यंत पोचाल. दिसतंही छान.

हो, हे सगळं रेटून काम करायच्या चाकूबद्दल. स्वयंपाकाची सुरी पात्याजवळ चिमटीत धरतात, तिला १६-१८ पुरे. गळ्यात किंवा खिशात बाळगायच्या छोट्या चाकूला ६ चेच स्केल बरे. हात लहान असेल तर माझ्या आकड्यांतून दोनेक मिमी कमी करा. आणि स्केलसाठी जी-१० (काचेचे तंतू आणि रेझिनची कडक पाटी) घेणार असाल तर घासताना चांगला रेस्पिरेटर लावा, साधा रुमाल चालणार नाही. ती काचेच्या तंतूंची धूळ असते.