आधी विषय, मग पैसा

प्रिय लेखिकाबाई,

आठ पायांच्या कोळ्यांवर लिहीत राहू की क्रेडिट कार्डांची तुलना करणारा ब्लॉग काढू, असं तू विचारलंस. पैसा वाईट असं मी म्हणणार नाही. आवडीवर वीजबिल भरता येत नाही, आणि फुकट लिहिणारा तेवढा सोवळा ही समजूत तर मला मुळीच पटत नाही. माझा हट्ट फक्त क्रमाचा आहे. आधी विषय, मग पैसा.

१९७३ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. चित्रं काढायची आवड असलेल्या लहान मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी तीच पेनं पुन्हा समोर ठेवली, तर बोलीवर चित्रं काढलेली मुलं इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ त्यात रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत! बक्षीस तेच, फक्त बोली आधी झाली होती.

ब्लॉगांचंही मी हेच पाहिलं. २००३मध्ये ब्लॉगवर जाहिराती दाखवून ब्लॉगवाल्याला त्यातला वाटा देणारं गूगलचं अ‍ॅडसेन्स आलं. विमा, कर्ज, वकील या शब्दांवरच्या जाहिरातींना क्लिकमागे दर जास्त, म्हणून विम्यातलं ओ की ठो न कळणारे विम्यावर लिहू लागले. प्रतिक्रियांत रात्र रात्र भांडणारी माणसं 'छान माहिती' एवढं लिहून खाली स्वतःची लिंक चिकटवायला लागली. त्या भांडणांची मला अजून हळहळ वाटते. माझं निम्मं शिक्षण तिथंच झालं. पुढे फेब्रुवारी २०११मध्ये गूगलने शोधनिकालांचा क्रम लावण्याच्या पद्धतीत 'पांडा' नावाचा बदल आणून उथळ मजकूर खाली ढकलला. अमेरिकेतल्या सुमारे १२ टक्के शोधांचे निकाल हलले. एप्रिल २०२०मध्ये अ‍ॅमेझॉनने ब्लॉगवरच्या लिंकवरून विकल्या गेलेल्या फर्निचरवरचं ब्लॉगवाल्याचं कमिशन ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणलं. खुर्च्यांचं खरंच वेड असलेला माणूस त्यानंतरही खुर्च्यांवर लिहील. इतरांनी कशासाठी लिहायचं?

तू म्हणशील, याला पैसा मिळाला नाही म्हणून तत्त्वज्ञान सांगतोय. मिळत होता, बाई. प्रायोजित लेखांच्या विचारणा मलाही यायच्या. न वापरलेल्या वस्तूची स्तुती लिहायला मी नाही म्हणायचो, आणि घरचे त्याला मिजास म्हणायचे. असेल मिजास. पण माझा एकही जुना लेख मला लपवावा लागत नाही, आणि हे मी गरजेपेक्षा जास्त वेळा ऐकवतो, हेही मला ठाऊक आहे.

तर क्रेडिट कार्डांचं तुला स्वतःला कुतूहल असेल तर खुशाल लिही. नसेल, आणि पैसे आत्ता हवे असतील, तर भाषांतराची, संपादनाची कामं घे. पैशाचं काम उघडपणे पैशासाठी कर. पण कोळ्यांवरच्या लेखाला कोणता कोळी जास्त खपतो हे विचारून सुरुवात करू नकोस. आधी विषय, किती वेळा सांगू? वाचक जमले की लाव जाहिराती, ठेव देणगीचं बटण, काढ पुस्तक. प्रायोजक मिळाला तर ते लेखाच्या पहिल्याच ओळीत लिही, तळाशी बारीक अक्षरात नको. आणि अ‍ॅडसेन्सचे १०० डॉलर जमेपर्यंत पैसे हातात पडत नाहीत, तेव्हा पुढच्या महिन्याचं भाडं त्या भरवशावर ठेवू नकोस.