बिलातली ‘व्हॅन’ टेम्पो नव्हे

प्रश्न : अंबड एमआयडीसीत आमचं प्रेस पार्ट्सचं छोटं युनिट आहे. माल निघण्याआधी एएसएन (काय माल येतोय याची आगाऊ सूचना) ईडीआयनेच, म्हणजे संगणकातून थेट संगणकात, पाठवा, असं मोठ्या कस्टमरने बजावलं, म्हणून एका कंपनीची सेवा घेतली. कोटेशन होतं सेटअप 65,000 आणि महिना 4,500. बिलं येतात 17-18 हजारांची. अकाउंटंटने ‘व्हॅन चार्जेस’ वाहतूक खर्चात टाकून चार महिने भरून टाकले. आठ महिने झालेत. बंद करतो म्हटलं तर 36 महिन्यांचा करार दाखवून उरलेल्या 28 महिन्यांचे 1,26,000 मागतात. वर एएसएन उशिरा गेली की कस्टमर 1,500 ची डेबिट नोट काढतो, म्हणजे तेवढे पैसे कापतो. काय करावं?

उत्तर : अकाउंटंटला रागावू नका. ही व्हॅन म्हणजे ‘व्हॅल्यू ॲडेड नेटवर्क’, तुमचा संदेश कस्टमरच्या सिस्टीमपर्यंत नेणारं मधलं पोस्ट ऑफिस. तिथलं टपाल किलो-कॅरॅक्टरवर, म्हणजे हजार अक्षरांच्या मापाने तोलतात. तुम्ही पाठवलेल्या बिलातली एक नोंद मी मोजून पाहिली. एएसएन 2,100 अक्षरांची, आकारणी 3 किलोची. तिची समोरून आलेली पोचपावती जेमतेम 200 अक्षरांची, तीही तुमच्याच खात्यावर, 1 किलो. म्हणजे 2,300 अक्षरांना 4,000 अक्षरांचं भाडं! मेन रोडवरच्या किराणावाल्याने असं वजन केलं असतं तर तुम्ही पिशवी तिथेच ठेवून आला असता.

‘शब्द कळले नव्हते’ हा बचाव मात्र चालत नाही. सही केली म्हणजे वाचलं, असंच धरतात. तुमची खरी जागा वेगळी आहे. करारात ‘व्यवहारानुसार, प्रचलित रेट कार्डप्रमाणे’ एवढंच लिहिलंय. व्यवहार म्हणजे काय ते नाही, रेट कार्ड जोडलेलं नाही. संदिग्ध कलमाचा अर्थ मसुदा करणाऱ्याच्या विरुद्ध लावायचा, हे जुनं तत्त्व इथे उपयोगी पडेल. फक्त शेवटच्या पानावर बारीक अक्षरात रेट कार्डची लिंक आहे का ते बघा. असली तर बाजू लंगडी होते. तरीही सहीनंतर दर वाढवले असतील, तर त्याला तुमची संमती कुठे आहे ते त्यांना दाखवावं लागेल.

कच्चा दुवा म्हणजे विनातक्रार भरलेली चार बिलं. वागणुकीतूनही होकार दिसतो. तेव्हा याच आठवड्यात मेल टाका : दरमहा 4,500 आणि त्यावरचा जीएसटी भरतो, बाकी रकमेवर हरकत आहे, प्रत्येक संदेशाचा तपशील व सहीच्या दिवशीचं रेट कार्ड द्या. फोनवर भांडू नका, त्याचा कागद होत नाही.

1,26,000 ला घाबरू नका. करार कायद्याच्या (1872) कलम 74 नुसार करारात आकडा लिहिलाय म्हणून तो आपोआप मिळत नाही. वाजवी भरपाईच मिळते, आकडा ही तिची कमाल मर्यादा. फतेहचंद (1963) आणि कैलाशनाथ (2015) या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलंय. न दिलेल्या सेवेचे 28 महिने वाजवी कसे, हे त्यांना पटवावं लागेल. मात्र दुसरी सोय चालू होऊन टेस्ट मेसेज पोचेपर्यंत ही सेवा तोडू नका, नाहीतर गाडी कस्टमरच्या गेटवर अडकेल. तुमच्या पैशांनी झालेलं मॅपिंग (तुमची माहिती कस्टमरच्या साच्यात बसवण्याची जुळणी) कोणाच्या मालकीचं, हेही लेखी विचारा. पळवाट बहुधा तिथेच बंद केलेली असते.

डेबिट नोट हे वेगळं प्रकरण. पीओच्या, म्हणजे कस्टमरच्या खरेदी ऑर्डरच्या, अटींत हा दंड आहे का ते आधी पाहा. नसेल तर कपातीला लेखी हरकत घ्या. पुरवठ्याआधीची उद्यम नोंदणी असेल तर 2006 च्या एमएसएमई कायद्याखाली 45 दिवसांपलीकडे थकलेल्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं आणि अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुलभीकरण परिषदेकडे जाता येतं. अर्थात कस्टमर एकच असेल तर ही तलवार म्यानात ठेवूनच बोलणं बरं.

ग्राहक आयोगात जाऊ नका, सेवा व्यापारी कामासाठी घेतली म्हणून तक्रार दारातच अडेल. आणि ‘साडेचार हजारांत सगळं आलं, साहेब’ असा सेल्सवाल्याचा व्हॉट्सॲप मेसेज तुम्हाला आला असेल, तर तो ज्या मोबाइलवर आहे तो तूर्त बदलू नका. पुरावा म्हणून द्यायचा तर साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागेल.