घाटावर की घाटात?

प्रश्न असा आला आहे: वाईत गणपती घाट कृष्णेकाठी आणि पसरणी घाट डोंगरात. नदीच्या पायऱ्या आणि पाचगणीला चढणारा वळणांचा रस्ता, दोन्हींना एकच शब्द कसा? आणि वाईकरांचा गोंधळ होत नाही का?

गोंधळ होत नाही, कारण निवाडा प्रत्यय करतो. 'संध्याकाळी घाटावर ये' म्हटलं की कृष्णाकाठ. 'घाटात गाडी बंद पडली' म्हटलं की पसरणी. नदीच्या घाटात कुणी गप्पा मारत बसत नाही आणि डोंगराच्या घाटावर यष्टी अडकत नाही. मात्र हाच 'घाटावर' कोकणातल्या माणसाच्या तोंडी आला की नदीचा संबंध संपला. 'मुलगी घाटावर दिली' म्हणजे सह्याद्रीच्या वर, देशावर. 'घाटी' हा शब्दही तिथलाच. तो प्रेमाने क्वचितच वापरतात.

मूळ शब्द संस्कृत 'घट्ट', म्हणजे नदीचा उतार, नावेत चढण्या-उतरण्याची जागा. 'घट्टजीविन्' म्हणजे नावाडी. पायऱ्या नंतर बांधल्या गेल्या, शब्दाच्या अर्थात मुख्य आहे ते उतरणं. पाण्याकडे उतरायची वाट जशी घाट, तशी डोंगर उतरून कोकणात जायची वाटही घाट, अशी माझी जुळणी आहे. नाणेघाट चढलेल्याला ती पटावी: सातवाहनकाळचा तो व्यापारी मार्ग, आणि चढणीवर दगडी पायऱ्या! पुढे वाटेचं नाव अख्ख्या डोंगररांगेलाच चिकटलं. कन्नडमध्येही 'घट्ट' म्हणजे डोंगररांग.

वाईत शब्द आणखी एक पाऊल पुढे गेला आहे. कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव तिथे घाटाघाटाने होतो. गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, धर्मपुरी, प्रत्येकीची पाळी वेगळी. 'यंदा आमच्या घाटाचा उत्सव जोरात झाला' या वाक्यात घाट म्हणजे दगड नव्हेत, त्या आळीची माणसं. (ढोल्या गणपतीचं रास्त्यांनी बांधलेलं देऊळ याच काठावर आहे. पुराचं पाणी फुटावं म्हणून त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. हे विषयांतर, पण घाटावर गेलात तर देवळाला मागून वळसा जरूर घाला.)

'लग्नाचा घाट घातला', 'भांड्याचा घाट', 'घाटदार' यांतला घाट मात्र वरच्या हिशेबात धरू नका. तो घडणे, घडण यांचा सोयरा, 'घट्' धातूच्या कुळातला. म्हणून वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या नदीच्या घाटावर जाऊन कुणी 'घाट घाटदार आहे' म्हणालं, तर ती पुनरुक्ती नव्हे.