पाय हलवू नका, असं सांगितलं कोणी?

"अखीन गोळी नको मॅडम. गोळीबिगर काही असन तं सांगा."

यवतमाळकडच्या गावांतून एसटीने डायलिसिसला येणाऱ्यांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने पोटरीवर हात ठेवला की पुढचं मीच बोलते. रात्री आडवं झालं की पायात किडे वळवळतात, उठून फिरलं की बरं वाटतं, निजलं की पुन्हा तेच. याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. डायलिसिसवरच्या साधारण चारातल्या एकाला हा त्रास असतो. टॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने १६७२ मध्येच तो लिहून ठेवलाय, त्यामुळे "बाहेरचं काही असन का?" या प्रश्नाला माझं उत्तर तयार असतं.

त्यातलेच एक काका पहिल्यांदा आले ते काकूंच्या तक्रारीसोबत. "रातभर लाथा झाडतेत. म्या आता दुपट्ट्यानं पाय बांधून देतो." काका खाली मान घालून बसलेले, उजवी टाच मात्र फरशीवर टकटक करत होती. माझी नजर गेली तशी त्यांनी गुडघ्यावर हात दाबून ती थांबवली.

घटनेपेक्षा माणूस त्या घटनेबद्दल स्वतःशी जे बोलतो त्याने तो जास्त पिचतो, या मताची मी. म्हणून पहिल्या दोन भेटी मी त्यांच्या काळजीच शोधत बसले. शेतीचं कर्ज, पोराचं लग्न. हाती काही लागलं नाही. तिसऱ्या भेटीला ती टाच आठवली.

"काका, पाय हलवला की काय वाटतं?"

"आराम पडते."

"मग दाबून काऊन धरता?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "बसल्या बसल्या पाय हलवला का लक्षुमी जाते म्हने माय. अन् तिकडं मशीनवर म्हनतेत, हलू नका, सुई निघन."

"मग राहिली का लक्ष्मी?"

"कायची राहते! येन्याजान्यातच गेली ना सारी." आणि ते खदखदून हसले. काकूही हसल्या.

मला वाटतं उपचार तिथेच सुरू झाला. दुखणं पायात होतंच, पण त्याच्यावर रोजची झुंज रचलेली होती, आणि दुपट्ट्याची गाठ तीच झुंज घट्ट करत होती. हे माझ्या लक्षात आलं याचं मला थोडं कौतुक आहे, लपवत नाही.

सुई हातात असते, पायात नाही. तेवढं कळल्यावर डॉक्टरांची परवानगी घेतली. डायलिसिसच्या पहिल्या दोन तासांत, बीपी उतरायच्या आधी, फिस्टुलाचा, म्हणजे सुया टोचलेला, हात स्थिर ठेवून घोटे वरखाली करायचे, गुंडाळलेली चादर टाचेने दाबायची. मोठ्या ठिकाणी पलंगाला पेडल लावतात, आमच्याकडे ती सोय नाही. औषधाशिवायच्या उपायांत डायलिसिस चालू असतानाच्या व्यायामाचे अभ्यास बरेच झालेत. ते छोटे आहेत, पण निकाल आशा वाटावी असे आहेत. संध्याकाळी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या. झोपायच्या आधी काकूंनी हलक्या हाताने तेल लावून मालिश करायची आणि पाय कोमट पाण्यात ठेवायचे. काकांना शुगर आहे, तळव्यांना चटका कळत नाही, म्हणून पाणी काकूंनी आपल्या कोपराने तपासायचं. हे विसरू नका, भाजलेले पाय मी पाहिलेत.

दुपारनंतरचा चहा बंद केला. डायलिसिसवर पाणी मोजून प्यायचं असतं, तसाही चहा त्या मापात धरावा लागतो. खर्रा (तंबाखू-सुपारी) सोडायला मात्र महिना गेला आणि दोनदा भांडण झालं. बसून राहायची वेळ आलीच तर मन गुंतवायचं. काका तूर निवडायला बसले, डोकं कामात असलं की पाय ओरडत नाहीत.

एक गोष्ट माझ्या हातातली नाही. अंगातलं लोह कमी असेल तर हा त्रास वाढतो, म्हणून फेरिटिनची, म्हणजे लोहाच्या साठ्याची, तपासणी डॉक्टरांकडून करून घ्याच. सर्दीच्या, उलटीच्या काही गोळ्यांनीही पाय चळतात. दुकानातून परस्पर आणू नका. आणि एवढं सगळं करूनही रात्र जात नसेल तर औषध घेण्यात हार नाही.

काकांचे पाय पूर्ण शांत झालेले नाहीत. आठवड्यातून एक-दोन रात्री अजून अंगणात फेऱ्या होतात. परवा काकूंचा फोन आला, तेव्हा मी दुपट्ट्याचं विचारलं.

"तो आता डोक्शाले बांधतेत हे. सकाळी धुऱ्यावर फिराले जातेत ना, तवा."