उन्हाळ्यात गावातल्या सार्वजनिक ठिकाणी म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बाया यांच्यासाठी काय सोय करावी?

तुम्ही विचारलंय, ग्रामपंचायतीकडे थोडा निधी आहे, त्यातून पाणपोई करावी की आणखी काही. माझं उत्तर : आधी रांग मोडा आणि वेळ बदला. पाणपोई त्यानंतर.

आमचे आबा अमळनेर तालुक्यातले, जन्म कापसात गेलेला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन आठवडा झाला असेल. पैसे काढायला बँकेत गेले. "माले काही व्हत नही" म्हणत छत्री घरीच ठेवली. वय तेव्हा ७४. सर्व्हर बंद, आत जागा नाही, म्हणून म्हातारे सगळे बाहेर पत्र्याच्या शेडखाली. सकाळी साडेदहापासून दीडपर्यंत आबा तिथे उभे होते. पाण्याचा जार वीस पावलांवर होता, पण नंबर जाईल म्हणून कोणी हलेना. मग आबा वॉचमनला माझ्या वारलेल्या काकांच्या नावाने हाका मारायला लागले. लोकांना वाटलं, चक्कर आली. कोणी कांदा हुंगवला, कोणी साखरपाणी तोंडाला लावलं. रांगेतच एक नर्सताई होत्या. त्यांनी हात लावून पाहिला, अंग भट्टीसारखं तापलेलं. पाजणं थांबवलं, सदरा काढला, तोच जार अंगावर ओतला, ओला टॉवेल टाकून पुठ्ठ्याने वारा घालायला लावला आणि १०८ ला फोन केला. आबा वाचले ते त्या बाईंमुळे. पण चालताना तोल जातो तो आजतागायत. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा तोल सांभाळणारा भाग उष्माघातात दुखावतो.

माझा मोठा भाऊ अजून म्हणतो, "पाणी समोर होतं, आबांनी घेतलं नाही, त्याला बँक काय करणार?" दादा, उतारवयात तहानेची जाणीवच कमी होते. घामही कमी येतो. त्यात आबांना बीपीची लघवी वाढवणारी गोळी. ज्याला तहान लागलीच नाही, तो रांग सोडून पाण्याकडे जाईल कशाला? त्याच्या हातात पेला नेऊन द्यावा लागतो.

म्हणून एप्रिल-मे महिन्यात रेशन, बँक, दाखले, लसीकरण, सगळं सकाळी ११ च्या आत. टोकन द्या, म्हातारं माणूस बसून राहील. हवामान खात्याचा ४५ चा आकडा सावलीतला असतो. तापलेल्या पत्र्याखाली वरून आग ओतते, ती त्यात धरलेली नसते. पत्र्याला वरून पांढरा चुना मारा, खर्च किरकोळ आहे. नुसता पंखा लावून फोटो काढू नका, ४५ अंशांत तो गरम हवाच अंगावर फेकतो. आपल्या खानदेशातली हवा कोरडी, वाळ्याचा कूलर उत्तम चालतो, फक्त समोरची खिडकी उघडी ठेवा. जूनमध्ये दमट झालं की त्याचा उपयोग संपतो. अंगणवाडीलाही हेच लागू. लहान मुलांचं अंग लवकर तापतं, आणि तीही पाणी मागत नाहीत. गरोदर बायांना तपासणीच्या दिवशी ताटकळत ठेवू नका.

अहमदाबादने २०१० चा जीवघेणा उन्हाळा सोसला आणि २०१३ मध्ये उष्णतेपासून लोकांना वाचवण्याचा आराखडा केला. आपल्या गावाला तेवढं मोठं काही नको. ग्रामसभेत वेळेचा ठराव मांडा आणि बँकेला, रेशन दुकानाला लेखी पत्र द्या.

एक राहिलं. बेशुद्ध किंवा भ्रमात असलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. आणि हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर पाणी किती प्यायचं हे डॉक्टर ठरवतील, आग्रह करून पाजू नका.

दादाही इथे वाचतो. दादा, त्या दिवशी त्या शेडमध्ये तुझ्या वयाची माणसंसुद्धा खाली बसली होती.