काडतुसाचं तोंड: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात ट्रॅप शूटिंगवर, म्हणजे उडत्या तबकड्यांवर नेम धरण्याच्या खेळावर लिहिलं होतं, त्यावर आलेली बरीचशी पत्रं काडतुसं घरी भरण्याबद्दलच होती. बहुतेक अमेरिकेतून आलीत आणि दोन कोकणातून. त्यातली चार इथे घेतोय.

प्रश्न: काका नमस्कार, मी ओहायोत असतो, ग्रीन कार्ड आहे, दोन वर्षं क्लबात ट्रॅप खेळतोय. काडतुसं भरायचं सेकंडहँड मेक मशीन घेतलंय, बारा गेजची काडतुसं भरतो, स्टार क्रिम्प चांगला जमतो. आता एका मित्राने रोल क्रिम्पचं टूल दिलंय, ड्रिल प्रेसला लावायचं. माझा नेहमीचाच लोड, म्हणजे तीच पावडर आणि तेच छर्रे घेऊन वरून फक्त रोल केलं तर चालेल ना? आणि माझं प्लास्टिक वळतच नाही, चिकट गोळा होतो नाहीतर चिरतं, काय चुकतंय?

उत्तर: पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही, चालणार नाही. का ते नीट सांगतो कारण क्रिम्प म्हणजे फक्त झाकण असं बऱ्याच जणांना वाटतं आणि तिथेच घोळ होतो.

ज्यांनी काडतूस जवळून बघितलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. बुडाशी प्रायमर म्हणजे ठिणगी देणारी टोपी, त्यावर पावडर, त्यावर वॉड म्हणजे मधला बोळा किंवा प्लास्टिकचा कप, त्यात छर्रे, आणि मग वरचं तोंड बंद. स्टार क्रिम्पमधे मोदकाच्या कळ्या वर एकत्र आणतो तशा सहा किंवा आठ घड्या मधोमध दाबून बसवतात. रोल क्रिम्पमधे घड्याच नसतात, छर्र्यांवर पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची पातळ चकती ठेवायची आणि कड गोल आत वळवायची. जुनी पद्धत हीच. नंतर स्टार क्रिम्प आला, कारण चकती बंदुकीतून छर्र्यांच्या पुढे निघते आणि कधीकधी त्यांच्या वाटेतच येते, मग पॅटर्न म्हणजे छर्र्यांचा फैलाव मधे फाटतो, ऐन मधोमध भोक पडतं.

आता मुद्दा. स्मोकलेस म्हणजे हल्लीची बिनधुराची पावडर मोकळ्यावर नुसती भुरूभुरू जळते, तिला पहिल्या क्षणी कोंडून धरायला लागतं, आणि ते काम वॉड, छर्र्यांचं वजन आणि तोंडाची घडी मिळून करतात. घडीचं तोंड उघडायला जेवढा जोर लागतो त्यापेक्षा वळवलेल्या कडेला साधारण कमी लागतो. म्हणून तुमचा स्टार क्रिम्पचा लोड रोल केला तर बहुतेक वेळा प्रेशर खाली येतं, एक बार जोरात एक हळू असं होतं, थंडीत तर नळीत न जळलेली पावडर सापडते. उलट केलंत तर जास्त धोका, रोल क्रिम्पसाठी तपासलेला लोड स्टार क्रिम्पने बंद केला की प्रेशर वर जातं आणि वरची मर्यादा काही फार लांब नसते. पावणेतीन इंची बारा गेजला अमेरिकेतली ठरलेली कमाल मर्यादा ११,५०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे. त्यामुळे हल (काडतुसाचं रिकामं नळकांडं), प्रायमर, पावडर, वॉड, छर्रे आणि क्रिम्प हे सगळं मिळून एकच रेसिपी समजायची, पावडर कंपनीच्या डेटात रोल क्रिम्प असं लिहिलेलं असेल तरच रोल करायचा, आणि त्यात लिहिलंय तोच हल, तोच वॉड. मी या कॉलममधे पावडरचे ग्रेन म्हणजे वजन कधीच देत नाही त्याचं कारणही हेच, माझा आकडा तुमच्या हलला लागू होईलच असं नाही. शिशाच्या छर्र्यांचा डेटा स्टीलला तर अजिबात लावू नका.

अजून एक, खोक्यावर ३ ड्रॅम इक्विव्हॅलंट असं छापलेलं असतं ना, ते काळ्या दारूच्या जमान्यातलं माप आहे, एवढी काळी दारू जेवढा वेग देईल तेवढा वेग, इतकाच त्याचा अर्थ. तेवढी स्मोकलेस भरायची असा अर्थ कोणी घेतला तर बंदूक हातात फुटेल. कृपया हे नव्या लोकांना सांगत जा.

आता प्लास्टिकचं. बहुतेक तुमचा ड्रिल फार जोरात फिरतोय. मशीनचा सगळ्यात कमी स्पीड लावा, मिनिटाला ३०० च्या आसपास फेरे पुरतात. घर्षणाची ऊब प्लास्टिक मऊ करते आणि मग ते टूलच्या गोलाईने आत वळतं. जोरात फिरवलं तर मऊ व्हायच्या ऐवजी वितळतं, दाबलं जास्त तर भिंतच खाली बसते. थंड टूलने पहिली दोन-तीन खराबच येतात म्हणून आधी रिकाम्या, प्रायमर नसलेल्या हलवर टूल गरम करून घ्या. हल फिरायला नको, त्याला घट्ट धरणारा व्हाइस लागतो, हाताने धरायचं नाही, आणि खाली जिवंत प्रायमर आहे हे विसरायचं नाही, त्याच्याखाली बोल्टचं टोक, चिप्स, काही यायला नको. डोळ्याला चष्मा.

चकतीच्या वर साधारण पाव इंच म्हणजे ६ मिमी भिंत मोकळी ठेवा. कमी असेल तर कड चकतीला धरतच नाही, जास्त असेल तर सुरकुत्या पडतात. आणि तुमचे हल एकदा स्टार क्रिम्प झालेले असतील तर चिरण्याचं कारण तेच, जुन्या घड्या प्लास्टिक विसरत नाही. तेवढा भाग कापून टाकावा लागतो, पण मग हल आखूड होतो, म्हणजे आखूड हलचाच डेटा. नवीन, न वापरलेले, सरळ भिंतीचे हल घेतले तर हे सगळं वाचतं. मी स्वतः रोल क्रिम्पसाठी तेच घेतो, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

माझा एक अनुभव सांगतो. एकदा भरताभरता पावडरची बाटली संपली आणि माझ्या लक्षात आलं नाही. शनिवारी ट्रॅपवर बार काढला तर नुसता फुस्स आवाज, धक्काच नाही. शेजारचे म्हातारे गृहस्थ ओरडले थांब म्हणून. बंदूक उघडून नळीतून आरपार बघितलं तर वॉड मधेच अडकलेला. पुढचा बार काढला असता तर नळी फुटली असती. आवाज हलका वाटला की लगेच बंदूक उघडायची, नळी बघायची, मग स्पर्धा चालू असली तरी.

प्रश्न: मी एचवनबी व्हिसावर न्यू जर्सीत आहे. बंदूक नाही घेणार, फक्त रूममेटच्या मशीनवर काडतुसं भरायला शिकायचंय. चालेल का?

उत्तर: थांबा. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूकच नाही तर काडतूस जवळ बाळगायलाही बंदी आहे, अपवाद थोडे आहेत, उदाहरणार्थ चालू हंटिंग लायसन्स असेल तर. स्वतःपुरती काडतुसं भरायला तिथे फेडरल लायसन्स लागत नाही, विकायला बनवायची तर लागतं, पण ही सूट तुमच्या व्हिसाची अडचण सोडवत नाही. एका छंदापायी इमिग्रेशन रेकॉर्ड खराब करू नका. आधी वकिलाला विचारा, मगच मशीनला हात लावा.

प्रश्न: आम्ही सिंधुदुर्गातले. वडील गेल्या वर्षी वारले, त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बाराबोर दुनळी होती, जुनी विलायती. माळ्यावर ट्रंकेत कागदी काडतुसं सापडली, वर गोल चकती, त्यावर नंबर छापलेला, थोडी फुगलीत. चेंबरमधे, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेत, जात नाहीत. घासून बसवता येतील का, किंवा उघडून परत भरता येतील का?

उत्तर: दादा, घासू नका, उघडू नका, वापरू तर अजिबात नका. कोकणातल्या पावसाळ्यात कागदी नळकांडं ओल पिऊन फुगतं, आतल्या दारूचं काय झालंय ते बाहेरून कळत नाही, आणि ठोकून बसवलेलं काडतूस अडकतं.

आणि परत भरण्याचा विचार सोडून द्या. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो, बंदूक बाळगायच्या परवान्यात ते येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा कमीत कमी सात वर्षं ते जन्मठेप अशी आहे. वडिलांच्या पश्चात परवाना तुमच्या नावावर झालेला नसेल तर बंदूक आणि काडतुसं दोन्ही जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा, कलम २१ मधे तशी सोय आहे, आणि वारस म्हणून अर्ज करा. जमा केल्याची पावती घ्या. आधी ठाण्यात फोन करून काडतुसं फुगलीत हे सांगा, ट्रंक स्कूटरवर टाकून नेऊ नका.

उद्या परवाना झाला की खडकीच्या कारखान्याची काडतुसं विक्रेत्याकडे मिळतात. कारखाना १८६९ पासूनचा आहे, केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी ते हेच. पण जुनी विलायती दुनळी म्हणताय म्हणून मुद्दाम सांगतो, चेंबर मोजून घ्या. अशा बऱ्याच बंदुकांचं चेंबर ६५ मिमीचं असतं आणि आजची बरीच काडतुसं ७० मिमीची, आणि हा आकडा बार झाल्यावर तोंड उघडलेल्या लांबीचा असतो. म्हणजे तोंड वळवलेलं ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमधे आरामात जातं, बंदूक बंदही होते, पण बार झाला की कड पुढे उलगडायला जागा नाही, ती निमुळत्या भागात जाते आणि प्रेशर वाढतं. बसलं म्हणजे चालतं असं इथे नाही. चांगल्या कारागिराकडून चेंबर, नळी, कुलूप सगळं तपासून घ्या, मगच शेतावर न्या.

प्रश्न: आजोबा पितळी काडतुसं परत परत भरायचे असं वडील सांगायचे. त्याला रोल क्रिम्प कसा करायचे? (न्यू जर्सी, जुने वाचक)

उत्तर: करतच नसत. अख्खं पितळी काडतूस प्लास्टिकसारखं वळत नाही, आणि दरवेळी वळवलं तर तोंड लवकरच चिरेल. काळी दारू, जाड पुठ्ठा, नमद्याचा बोळा, छर्रे आणि वर घट्ट बसणारी चकती, एवढंच. चकतीच्या कडेने लाख किंवा मेण ओतायचे, परदेशात वॉटर ग्लास म्हणजे सोडियम सिलिकेट लावतात, ते वाळलं की काचेसारखं होतं आणि बार झाल्यावर भुगा होऊन उडतं. काळी दारू स्मोकलेससारखी कोंडण्यावर एवढी अवलंबून नसते म्हणून तेवढ्याने भागायचं. आजोबांची पितळी नळकांडी अजून असतील तर त्यांच्यात स्मोकलेस भरू नका, आणि ती भारतात घरी असतील तर वरच्या उत्तरातलं कलम २१ तुम्हालाही वाचायला सांगेन, कारण रिकामी आहेत असं आपण म्हणतो आणि एखाद्यात जिवंत प्रायमर निघतो.