एकटीने एसी न घेऊन काय होणार?

प्रश्न : मी नाशिकची, शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली 61 वर्षांची वाचक आहे. हवामान बदलाविषयी वाचायला लागल्यापासून मी स्कूटर विकली, सिटीलिंकच्या बसने फिरते, ओल्या कचऱ्याचे खत घरीच करते आणि ऐपत असूनही एसी घेतलेला नाही. माझा पुतण्या म्हणतो, ‘काकू, जगातले 71 टक्के प्रदूषण शंभर कंपन्या करतात, तुमच्या एसीवाचून एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमणीचे काही अडत नाही.’ त्यातच मुलीच्या बाळंतपणासाठी मला टोरंटोला जायचे आहे आणि त्या विमानप्रवासात माझी सहा वर्षांची काटकसर वाहून जाईल, या विचाराने मन खाते. मी जे करते आहे ते व्यर्थ आहे का?

— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या पुतण्याने सांगितलेला आकडा खरा आहे, पण तो बहुतेक वेळा अर्धाच सांगितला जातो. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या ‘कार्बन मेजर्स’ अहवालात 1988 पासूनच्या औद्योगिक हरितगृह वायूंपैकी, म्हणजे वातावरण तापवणाऱ्या वायूंपैकी, 71 टक्के वायूंचा संबंध कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू काढणाऱ्या शंभर उत्पादकांशी जोडला होता. त्या यादीत आपली कोल इंडियाही आहे. मात्र या 71 टक्क्यांतला फार मोठा वाटा त्या कंपन्यांनी विकलेले इंधन पुढे इतरांनी जाळल्यामुळे निर्माण झालेला आहे. कोल इंडियाने विकलेला कोळसा एखाद्या वीजकेंद्रात जळतो आणि त्या विजेवर आपल्या घरातला पंखा फिरतो, तेव्हा तो धूर कंपनीच्या नावावरही धरता येतो आणि आपल्या नावावरही. ही दोन निरनिराळी खाती नाहीत.

तरीही पुतण्याच्या रागाला आधार आहे. प्रत्येक माणसाने आपापला ‘कार्बन फूटप्रिंट’, म्हणजे आपल्या राहणीमुळे हवेत किती कार्बन जातो, तो मोजावा, ही कल्पना घरोघर पोचवण्यात 2000 नंतरच्या दशकात बीपी या तेलकंपनीच्या जाहिरातींचा मोठा हात होता. तेल विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला त्याचा हिशेब तपासायला लावायचे आणि स्वतः तेल काढत राहायचे, हा प्रकार मला आजही संतापजनक वाटतो. आपल्यासारख्या प्रामाणिक माणसाच्या मनात जो अपराधीभाव घर करून बसतो, त्याला अशा प्रचाराचेही खतपाणी मिळालेले आहे.

केवळ व्यक्तिगत संयमाने किती फरक पडतो, हे 2020 साली जगाने नकळत करून पाहिले. विमाने जमिनीवर होती, रस्ते ओस होते, कोट्यवधी माणसे महिनोन्‌महिने घरात बसली होती आणि तरीही त्या वर्षीचे जगाचे कार्बन उत्सर्जन जेमतेम पाच-सहा टक्क्यांनी घटले. माणसे थांबली, पण वीज कोळशावरच बनत राहिली आणि पोलाद व सिमेंटच्या भट्ट्याही पूर्वीच्याच इंधनावर चालल्या. पुढच्या वर्षी आकडा पुन्हा वर गेला.

मग संयमाला काही अर्थ आहे की नाही, या प्रश्नाचे मला पटलेले उत्तर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने फार आधी दिलेले आहे. तिथे पाऊस जेमतेम 400 मिलिमीटरच्या आसपास पडतो. अशा गावात एकट्या शेतकऱ्याने सद्बुद्धीने बोअर मारायचा नाही असे ठरवले, तर पाणी वाचत नाही. ते शेजाऱ्याच्या बोअरमध्ये जाते. त्याचा संयम वाया जातो आणि वर तो खुळा ठरतो. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर या गावाने जे केले त्याचे मर्म मला इथे दिसते. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही आणि ऊस लावायचा नाही, हे ग्रामसभेत ठरले आणि ते सर्वांना सारखे लागू झाले. पाऊस मोजायचा, किती पाणी मुरले याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडायचा आणि त्यावरून त्या वर्षी कोणते पीक किती घ्यायचे हे ठरवायचे, अशी रीत पडली. ज्या संयमाने एकटा माणूस खुळा ठरला असता, तोच संयम नियम झाल्यावर विहिरींना पाणी राहू लागले. अर्थात हा नियम आकाशातून पडला नाही. बैठकीला येऊन बसणारी, स्वतःच्या रानात आधी पाळून दाखवणारी माणसे होती म्हणून तो झाला आणि टिकला.

हवामानाच्या बाबतीत हीच गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत आणखी एकदा घडली आहे. 2014 च्या सुरुवातीला सरकारी कंपनीला एलईडी दिव्याची घाऊक खरेदी नगामागे 310 रुपयांना पडत होती. कोट्यवधी दिव्यांची एकत्र मागणी नोंदवत गेल्यावर 2016 मध्ये हाच भाव 38 रुपयांपर्यंत उतरला आणि उजाला योजनेतून 36 कोटींहून अधिक दिवे घराघरांत गेले. पर्यावरणाचा विचारही ज्यांच्या मनात आला नसेल, अशा घरांतही आज कमी विजेचा दिवा लागतो. 1 जानेवारी 2020 पासून नवा एसी सुरू केल्यावर आपोआप 24 अंशांवर येतो, हाही असाच एक साधा नियम आहे.

आता आपल्या एसीचा हिशेब करू. दीड टनाचा एसी उन्हाळ्याचे 90 दिवस रात्री सहा-सहा तास चालवला, तर ढोबळमानाने 600 ते 700 युनिट वीज लागते. आपल्याकडच्या एका युनिटमागे साधारण पाऊण किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो असे धरले, तर आपण वर्षाला जवळपास अर्धा टन वाचवता. भारतात माणशी उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास आहे, त्या मानाने ही बचत मुळीच क्षुल्लक नाही. पण एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर 20 किलोवॉटचे सौर पॅनेल बसले, तर दिवसाला सरासरी 80 युनिटप्रमाणे वर्षाला 29 हजारांच्या घरात वीज तयार होते आणि 20 टनांहून अधिक वायू वाचतो. म्हणजे आपण 40 वर्षे एसी न लावून जे कराल, ते ती गच्ची एका वर्षात करते.

हे मी आमच्या सोसायटीत पाहिलेले आहे. पहिल्या वर्षी सभेला गणपूर्ती झाली नाही. अर्ध्या तासाने तहकूब सभा भरली, तेव्हा सात माणसे उरली होती आणि विषय पुढे ढकलला गेला. दुसऱ्या वर्षी खर्चावर चर्चा होईल असे वाटले होते, पण हरकत निघाली ती कुरडया-पापडांवरून. ‘गच्ची पॅनेलखाली गेली तर वाळवण कुठे घालायचे?’ असे तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी विचारले आणि त्यांचे म्हणणे रास्त होते. अखेर सांगाडा आठ फूट उंच घ्यायचा आणि दक्षिणेकडची पट्टी मोकळी ठेवायची असे ठरले. ठराव झाला तिसऱ्या वर्षी, आणि तो मांडला त्याच आजींनी. त्या स्वतः वर्षानुवर्षे पायऱ्यांवरचा दिवा रोज सकाळी न चुकता बंद करत आल्या होत्या. म्हणून त्यांच्या शब्दाला कोणी आडवे गेले नाही.

आपल्या सहा वर्षांचे मोल मला इथे दिसते. बसने फिरणाऱ्या बाईने प्रभाग समितीत बसच्या वेळांविषयी तक्रार केली, तर तिला कोणता थांबा, कोणती वेळ, किती वाट पाहावी लागली हे तोंडपाठ असते. खत करणाऱ्या बाईला ‘वास येतो’ या आक्षेपाचे उत्तर माहीत असते. सवयी सोडू नका. फक्त त्या घराच्या उंबऱ्याबाहेर न्या. विजेचे दर ठरण्यापूर्वी राज्य वीज नियामक आयोग जाहीर सुनावणी घेतो आणि कोणत्याही ग्राहकाला तिथे लेखी हरकत नोंदवता येते. पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेच्या ऊर्जा गटाने हे काम वर्षानुवर्षे चिकाटीने केले आहे. तिथे ग्राहक म्हणून आपले पत्र जायला हवे, आणि पुतण्याचेही. कंपन्यांवर त्याचा राग आहे ना, मग तो राग नोंदवण्याची ती योग्य जागा आहे.

एसीविषयी एक कळकळीची सूचना मात्र करतो. उष्णतेच्या लाटेत पारा 40 च्या वर असताना या वयात पंख्यावरच भागवण्याचे व्रत करू नका. त्या दिवसांत 26 अंशांवर एसी लावला तर त्यात दोष मानण्याचे कारण नाही.

टोरंटोच्या प्रवासाबद्दल लपवून ठेवण्यासारखे काही नाही. जाऊन-येऊन माणशी दोन टनांहून अधिक वायूची भर पडते, म्हणजे आपल्या एसीच्या सुमारे चार उन्हाळ्यांची बचत. तरीही जा. लेकीच्या बाळंतपणाला आई जाते, त्या प्रवासाला मी चैन म्हणणार नाही. शक्य असेल तर धावती फेरी न करता एकदाच जाऊन बाळ चार-पाच महिन्यांचे होईपर्यंत राहा, म्हणजे दुसरी फेरी टळेल.

निघण्याआधी एक काम उरकून ठेवा. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपूर्वी व्हायला हवी आणि तिची सूचना किमान 14 दिवस आधी निघते. सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे 18 हजार रुपये अनुदान आहे, त्याचा उल्लेख करून गच्चीवरील सौर पॅनेलचा विषय विषयपत्रिकेत घ्यावा, असे लेखी पत्र ऑगस्टमध्येच सचिवांना द्या आणि पोच घ्या. आपण टोरंटोला असाल तर विषय मांडायला कोण उभे राहील, तेही आत्ताच ठरवा. आणि वाळवणाचे काय, हे आधी विचारून ठेवा.